डिझेल इंजिनचा तडकलेला ब्लॉक : दुरुस्त करावा की बदलावा?



शाहूवाडी तालुक्यात कडवी, वारणा आणि कासारी या नद्यांच्या काठी उपसा करून ऊस, भात आणि उन्हाळी पिके घेतली जातात. बहुतेक ठिकाणी आता विजेचे पंप आले आहेत. तरीही वीजवाहिनी न पोहोचलेल्या माळावर, ओढ्याकाठी किंवा भारनियमनाच्या काळात डिझेल पंपसंचाचा आधार घ्यावा लागतो. नवे इंजिन परवडत नाही, म्हणून पुष्कळजण जुने घेतात. असे इंजिन ऐन एप्रिल महिन्यात पाणी गाळू लागते. मिस्त्री 'ब्लॉक तडकला' म्हणून सांगतो आणि शेतकऱ्यापुढे प्रश्न उभा राहतो, की आता यावर पैसे घालावेत का?

याचे उत्तर दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली, तडा कोठे गेला आहे. दुसरी, तो कशामुळे गेला आहे. या दोन्ही गोष्टी कळल्याशिवाय वेल्डिंगवाल्याकडे जाऊ नये. कारण न शोधता केलेली दुरुस्ती फार दिवस टिकत नाही आणि त्याच हंगामात दुसऱ्यांदा खर्च करण्याची पाळी येते.

ब्लॉक का तडकतो?

इंजिनचा ब्लॉक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो. बिडात सुमारे ३ ते ३.५ टक्के कार्बन असतो आणि तो ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. त्यामुळे बीड दाब चांगला सोसते, परंतु ताण सोसत नाही. पोलाद ताणले जाते, वाकते. बीड मात्र तडकते.

थंड देशांत होड्यांची इंजिने हिवाळ्यात तडकतात. आत राहिलेले पाणी गोठते आणि गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, त्यामुळे ब्लॉक फुटतो. आपल्याकडे पाणी गोठत नाही. आपल्याकडील कारणे वेगळी आहेत.

१) तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी सोडणे : फूटव्हॉल्व्ह गळतो, पंप हवा धरतो आणि इंजिनला जाणारे पाणी बंद पडते. ब्लॉक तापतो. मग घाईने नळी जोडून नदीचे गार पाणी सोडले जाते. एक भाग एकदम आकसतो, शेजारचा भाग फुगलेलाच राहतो आणि तडा जातो.

२) वॉटर जॅकेटमध्ये साचलेला गाळ : पावसाळ्यात नद्यांना तांबडे, गढूळ पाणी असते. त्यातील गाळ ब्लॉकच्या तळाशी बसतो. तेवढ्या जागी पाणी फिरत नाही आणि ती जागा जास्त तापते.

३) बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या नळीवर कॉक बसवणे : ही चूक पुष्कळदा दिसते. पंपाच्या डिलिव्हरीतून इंजिनला पाणी घेतलेले असते. पाणी दहा मीटर उंच चढवायचे असेल, तर डिलिव्हरीत प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो दाब असतो. वीस मीटरला तो २ किलो होतो. इंजिनमधून बाहेर जाणारी नळी मोकळी असेल, तर हा दाब जॅकेटवर येत नाही. ती बंद केली किंवा गाळाने तुंबली, तर सगळा दाब जॅकेटवर येतो. म्हणून पाणी कमी-जास्त करण्याचा कॉक नेहमी आत येणाऱ्या नळीवर असावा.

४) सिलिंडरमध्ये पाणी शिरणे : पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना हँडल मारले, तर कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा ब्लॉक फुटतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात जिल्ह्यातील नदीकाठचे अनेक पंपसंच पाण्याखाली गेले होते. असे इंजिन चालू करून पाहू नये. आधी नोझल काढावे, फ्लायव्हील हाताने फिरवून पाणी बाहेर काढावे, ऑइल आणि फिल्टर बदलावेत आणि मगच पुढचे पाहावे.

५) हेडचे नट वेडेवाकडे आवळणे : एका बाजूचे नट पूर्ण आवळून मग दुसऱ्या बाजूला गेल्यास हेडवर आणि बोल्टच्या भोकांभोवती ताण येतो.

तडा आहे हे कसे ओळखावे?

पुढील लक्षणांकडे लक्ष द्यावे.

- ऑइल दुधाळ होणे किंवा त्याची पातळी आपोआप वाढणे.
- बाहेर पडणाऱ्या पाण्यात सतत बुडबुडे येणे.
- इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरी वाफ येणे.
- ब्लॉकच्या बाहेरील अंगावर ओल किंवा गंजाची रेघ दिसणे.

पहिली तीन लक्षणे हेडचे गास्केट फुटल्यामुळेही दिसतात. म्हणून हेड उघडून प्रथम गास्केट तपासावे. गास्केट बदलून भागत असेल, तर ब्लॉकला हात लावण्याचे कारण नाही.

ऑइलमध्ये पाणी आहे का, हे पाहण्याची सोपी रीत आहे. इंजिन रात्रभर बंद ठेवावे. सकाळी ऑइल टाकीचा खालचा प्लग थोडा सैल करावा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने ते तळाशी बसते आणि आधी बाहेर येते.

बारीक तडा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी संशयित भाग तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ व कोरडा करावा. त्यावर रॉकेल किंवा डिझेल लावून अर्धा तास थांबावे. नंतर कापडाने पूर्ण पुसून खडूची भुकटी चोळावी. तड्यात मुरलेले तेल हळूहळू वर येते आणि पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. रेघेची दोन्ही टोके खुणेने दाखवून ठेवावीत. मोठ्या कारखान्यांत याच तत्त्वावर तांबडा रंग वापरून तपासणी करतात.

तड्याच्या जागेनुसार निर्णय

अ) वॉटर जॅकेटची बाहेरील भिंत : या भिंतीला फक्त पाणी धरायचे असते. येथील तडा कमी खर्चात दुरुस्त होतो व टिकतो.

आ) बोल्टच्या भोकापासून सिलिंडरकडे गेलेला तडा : येथे ज्वलनाचा दाब आणि उष्णता दोन्ही येतात. जाणकार कारागीर असेल तरच दुरुस्ती करावी. दुरुस्तीनंतर माथा मशीनवर सपाट करून घेणे आवश्यक आहे.

इ) लाइनरची बैठक : येथे वेल्डिंग केले, तर भोकाचा आकार बदलतो. पुन्हा बोअरिंग करून स्लीव्ह घालावी लागते. खर्चाचा हिशेब आधी मांडावा.

ई) क्रँकशाफ्टच्या बेअरिंगची जागा : हा भाग दुरुस्त करू नये. तो चालत्या इंजिनात तुटल्यास फ्लायव्हीलजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाला धोका असतो. असे इंजिन भंगारात द्यावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लिस्टर पद्धतीच्या संथ गतीच्या इंजिनात सिलिंडर ब्लॉक आणि खालची क्रँककेस हे दोन वेगळे भाग असतात. केवळ सिलिंडर ब्लॉक बदलता येतो. गुजरातमधील राजकोट येथे या पद्धतीची इंजिने व सुटे भाग तयार होतात. चांगला सुटा ब्लॉक वाजवी किमतीत मिळत असेल, तर वेल्डिंगच्या नादी लागू नये.

दुरुस्तीच्या पद्धती

कोणत्याही पद्धतीत पहिली पायरी एकच आहे. तड्याची टोके जेथे संपतात, त्याच्या किंचित पुढे ३ ते ४ मि.मी. व्यासाचे भोक पाडावे. तडा टोकाच्या धारेवर ताण येऊन पुढे सरकतो. गोल भोकामुळे तो ताण विभागला जातो आणि तडा थांबतो.

१) इपॉक्सीचा लेप : लोखंडी भुकटी मिसळलेला, दोन भाग एकत्र करून वापरायचा इपॉक्सी बाजारात मिळतो. तो फक्त जॅकेटच्या बाहेरील भिंतीवरील बारीक तड्यास वापरावा. तड्यावर उथळ खाच करावी. तेलाचा अंशही राहू देऊ नये. लेप दिल्यावर डब्यावर लिहिलेला वेळ, साधारणपणे एक पूर्ण दिवस, वाळू द्यावे. काम करताना हातमोजे घालावेत. ज्वलनाच्या जागेजवळ हा लेप टिकत नाही.

२) स्क्रूची शिलाई : यात उष्णता लागत नाही, म्हणून नवा तडा जाण्याची भीती नसते. तड्याच्या रेघेवर एका टोकाला भोक पाडून आटे पाडतात. त्यात बिडाचा किंवा पितळेचा स्क्रू सीलिंगचा मसाला लावून घट्ट बसवतात आणि डोके कापतात. पुढचे भोक असे पाडतात, की ते आधीच्या स्क्रूचा सुमारे एक तृतीयांश भाग कापते. अशी साखळी दुसऱ्या टोकापर्यंत नेतात. शेवटी स्क्रूंची तोंडे हलके ठोकून घासतात. भिंत ५ ते ६ मि.मी. जाड असेल, तर जॅकेटसाठी ही पद्धत उत्तम आहे. तिला वेळ व चिकाटी लागते.

३) पत्र्याचे ठिगळ : जॅकेटला भोक पडले असेल किंवा तुकडा निघाला असेल, तर ३ मि.मी. जाडीचा लोखंडी पत्रा भिंतीच्या आकारात वळवून, खाली गास्केट घालून स्क्रूने आवळावा.

४) निकेल रॉडने वेल्डिंग : साध्या लोखंडी रॉडने बिडाचे वेल्डिंग करू नये. सांधा कडक होतो आणि शेजारून पुन्हा तडकतो. बिडासाठी निकेलचा रॉड मिळतो. तो महाग आहे, परंतु सांधा मऊ राहतो. तड्यावर 'व्ही' आकाराची खाच करावी. एका वेळी फक्त २५ मि.मी. लांबीचे वेल्डिंग करावे. लगेच त्यावर हातोडीने हलके ठोके द्यावेत आणि हात लावता येईल इतके निवल्यावरच पुढचा टप्पा घ्यावा. पाणी टाकून किंवा पंखा लावून थंड करू नये. हे काम घाईत उरकणाऱ्याकडे देऊ नये.

५) गरम वेल्डिंग : संपूर्ण ब्लॉक भट्टीत ५०० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून वेल्डिंग करतात आणि नंतर राख किंवा चुन्याच्या भुकटीत पुरून सावकाश निववतात. हे खेड्यातील वर्कशॉपचे काम नव्हे. कोल्हापूर परिसरात शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथे बिडाच्या ओतकामाचा मोठा व्यवसाय आहे. मलकापूर, बांबवडे येथून तेथे ब्लॉक नेणे सोयीचे आहे. तेथे बिडाची जाण असलेला कारागीर शोधावा. ब्लॉक नेताना डिझेलची टाकी, नोझल व लाइनर काढून ठेवावेत.

जोडण्यापूर्वी चाचणी

दुरुस्त केलेला ब्लॉक तसाच जोडू नये. जॅकेटची सर्व तोंडे पत्र्याच्या झाकणांनी व गास्केटने बंद करावीत. पाणी भरून हवा पूर्ण काढून टाकावी आणि हातपंपाने चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलो दाब द्यावा. अर्ध्या तासात दाब उतरू नये आणि कोठेही ओल दिसू नये. हातपंप नसेल, तर दहा मीटर उंचीवरील टाकीची नळी जोडल्यास १ किलो दाब मिळतो. चाचणी पाण्यानेच घ्यावी. दाबलेल्या हवेने घेतल्यास, ब्लॉक फुटला तर तुकडे उडून इजा होते.

हेड बसवताना नवे गास्केट वापरावे. नट समोरासमोर, आलटून पालटून, तीन टप्प्यांत आवळावेत. किती आवळायचे ते इंजिनच्या पुस्तिकेत दिलेले असते. पहिला तासभर इंजिन हलक्या भारावर चालवावे, निवल्यावर नट पुन्हा तपासावेत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑइलमध्ये पाणी आले का, ते पाहावे.

जुने इंजिन घेताना

- नुकताच रंग दिलेले इंजिन जास्त बारकाईने पाहावे. रंगाखाली लेप किंवा वेल्डिंग असू शकते.
- आंबा घाट उतरला की रत्नागिरीचा किनारा आहे. तेथील होडीतून काढलेले इंजिन स्वस्त मिळाले, तर त्याला खारे पाणी फिरवले होते का, ते विचारावे. खाऱ्या पाण्याने जॅकेटची भिंत आतून गंजून पातळ होते. अशा भिंतीत ना स्क्रू धरतो, ना वेल्डिंग.
- इंजिन थंड असताना चालू करून दाखवण्यास सांगावे व किमान अर्धा तास भारावर चालवून पाहावे.
- खोलणे, दुरुस्ती, मशीनकाम, गास्केट, वाहतूक आणि पुन्हा जोडणे असा सर्व खर्च कागदावर मांडावा. समजा तसेच चांगले जुने इंजिन २० हजार रुपयांना मिळते आणि दुरुस्ती १० हजारांच्या वर जाते, तर दुरुस्ती न करणे आमच्या मते हिताचे आहे.

पुन्हा तडा जाऊ नये म्हणून

बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तापमान ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे. साधा थर्मामीटर त्यासाठी पुरतो. पावसाळा संपल्यावर जॅकेटचा प्लग काढून गाळ धुऊन टाकावा. फूटव्हॉल्व्हची जाळी आणि चामडे हंगामापूर्वी तपासावे.

आणि चालता चालता पाणी बंद पडलेच, तर गती कमी करून इंजिन बंद करावे. हात लावता येईल इतके निवेपर्यंत त्यात पाणी सोडू नये. उसाची सरी तासभर उशिरा भिजली तरी पीक जात नाही. तेवढा तास धीर न धरल्यास मात्र ब्लॉक तडकतो आणि ऐन उन्हाळ्यात आठ-पंधरा दिवस पाणी बंद राहते. म्हणून इंजिन चालवणाऱ्या घरातील प्रत्येकाला, आणि गड्यालाही, ही एक गोष्ट आवर्जून सांगून ठेवावी.