तिसरे करडू

आमच्या उस्मानाबादी शेळीला पौषात तीन करडे झाली. शेळीला सड दोनच असतात. दोन धट्टीकट्टी करडे लगेच लुचू लागली. तिसरे बारके, पडूनच राहिले. शेजारचे काका म्हणाले, "हे काय जगत न्हाई."

आजीने ते गोणपाटाने खसाखसा पुसले, नाळेला टिंक्चर आयोडीन लावले आणि मला चुलीजवळ बसवले. पहिल्या तासाभरात चीक पोटात गेला पाहिजे. रोगाशी लढायची ताकद त्यातूनच मिळते. मी करडू बाळासारखे मांडीवर उताणे घेतले आणि बाटली लावली. आजी ओरडली, "आरं, ठसका लागंल!" उताणे पाजले तर दूध फुप्फुसात जाते. करडू उभे ठेवायचे, मान थोडी वर करायची. दूध कोमट असावे. एकदम जास्त पाजले की हगवण लागते, म्हणून मी दिवसातून पाच वेळा थोडे थोडे पाजले. रात्री मात्र आईच उठायची, मी झोपलेला असायचो.

पंधराव्या दिवशी त्याने बाभळीचा पाला तोंडात धरला आणि टाकून दिला. आता ते माझे दप्तर चावते. काका रोज येऊन बघून जातात.