व्यवसाय-आराखडा स्पर्धा : एक अभ्यास

आपल्या शाळेतून गेलेली मुले पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांत पोहोचली, की सूचनाफलकावर त्यांना 'बिझनेस प्लॅन' स्पर्धेचे पत्रक दिसते. ते दुकानदारांच्या मुलांसाठी असावे, असे समजून बहुतेक जण पुढे जातात. म्हणून पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी या स्पर्धेचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे.

१९८४ साली अमेरिकेत ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी 'मूट कॉर्प' ही स्पर्धा सुरू केली. कायद्याचे विद्यार्थी अभिरूप न्यायालयात युक्तिवाद करतात, तसा यांनी अजून न स्थापलेल्या कंपनीचा पक्ष परीक्षकांपुढे मांडावयाचा. आपल्याकडे पवईच्या आयआयटीतील 'युरेका' ही स्पर्धा १९९८ पासूनची. गिऱ्हाईक कोण, त्याची अडचण कोणती आणि खर्च वजा जाता उरते काय, हे अशा स्पर्धेतील मुख्य प्रश्न.

वरवंड परिसरात गुऱ्हाळे आहेत. तेव्हा उदाहरण गुळाचेच घेऊ. समजा, गुळाच्या लहान वड्या करून किलोला ९० रुपयांनी विकावयाच्या. गूळ, वेष्टन व वाहतूक मिळून किलोमागे ७० रुपये खर्च, उरले २०. जागाभाडे, वीज व हप्ता मिळून महिना १६,००० रुपये. म्हणजे दरमहा ८०० किलो विकले तर ना नफा, ना तोटा.

वर्गात हे गणित मुले झटकन सोडवितात. मग मी विचारतो, "वड्या करणाऱ्या आईची आणि बहिणीची मजुरी कोठे लिहिली?" लेखण्या थांबतात. दोघींचे १०,००० रुपये धरताच आकडा १,३०० किलोंवर जातो. घरच्या माणसांचे श्रम फुकट धरावयाची सवय आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या लागलेली आहे, आणि आराखडा प्रथम तेथेच फसतो. १९१८ च्या लहान शेतधारणेवरील निबंधात बाबासाहेबांनी शेताचा निव्वळ आकार न पाहता भांडवल व श्रम यांच्याशी त्याचे प्रमाण तपासले होते. गुळाच्या वड्यांना तीच कसोटी लागू पडते.

बाबासाहेबांनी स्वतः व्यवसायही करून पाहिला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. परदेशातून परतल्यावर शेअर व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचे काम त्यांनी आरंभिले. सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि काम बंद पडले. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाच्या हिशेबाला कोणी हात लावला नाही!

आज परिस्थिती पुरती पालटली, असे मी म्हणणार नाही; पण मार्ग वाढले आहेत. २०२० मध्ये केंद्र सरकारने अनुसूचित जातींच्या तरुणांसाठी 'आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशन' सुरू केले. निवडलेल्या नवउद्योगास तीन वर्षांत ३० लाख रुपयांपर्यंत भागभांडवल देण्याची त्यात तरतूद आहे.

स्पर्धेत उतरू इच्छिणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी आपला कच्चा हिशेब घेऊन एखाद्या रविवारी शाळेत यावे. मजुरीचा रकाना मात्र भरून आणावा.