फुलांच्या चहात काय उतरते?

झाशीच्या परिसरात होळीच्या सुमारास पळस फुलतो. तेथे त्याला टेसू म्हणतात. त्याची फुले पाण्यात उकळून केशरी रंग काढण्याची रीत जुनी आहे. फुलातील द्रव्ये गरम पाण्यात उतरतात, हे त्यावरून डोळ्यांना दिसते. मात्र रंगाबरोबर न दिसणारेही पुष्कळ काही उतरत असते. आणि होळीचा रंग अंगावर पडतो, चहा पोटात जातो.

लाल अंबाडीच्या मांसल पुष्पकोशांचा आंबट चहा पाहा. २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ६५ व्यक्तींपैकी काहींना तो रोज तीन पेले, सहा आठवडे देण्यात आला. त्यांचा वरचा रक्तदाब सरासरीने पाऱ्याच्या ७.२ मिलिमीटरांनी उतरला. तशाच चवीचे कृत्रिम पेय घेणाऱ्यांचा अवघा १.३ ने. रक्तदाब वाढलेल्यास हा लाभच होय. परंतु त्यावर औषध चालू असल्यास दोन्हींचा परिणाम एकत्र होऊन भोवळ येण्याचा संभव असतो.

बाबुना, म्हणजेच कॅमोमाइल, याचे उदाहरण अधिक गंभीर आहे. रक्त साकळू नये म्हणून वॉरफॅरिन घेणारी ७० वर्षांची एक स्त्री खोकल्यासाठी हा चहा दिवसातून चार-पाच पेले पीत असे; पायांच्या सुजेवर बाबुन्याचेच मलमही लावी. तिला अंतर्गत रक्तस्राव झाला. कॅनडातील हे प्रकरण २००६ साली प्रसिद्ध झाले. शिवाय बाबुना शेवंतीच्या कुलातील. आपल्याकडील उपद्रवी गाजरगवतही त्याच कुलातील असल्याने, त्याने ज्यांच्या अंगास खाज सुटते त्यांनी हा चहा टाळलेला बरा.

डॉक्टरांना चालू औषधे सांगताना या चहाचेही नाव सांगावे. नुसती फुलेच ती, असे समजून ते बहुधा राहून जाते.