जागेच्या व्यवहारांतील उमेदवारी

शालान्त परीक्षेचा निकाल लागला म्हणजे घरोघर एकच प्रश्न उभा राहतो: पुढें काय? केळवें, माहीम, पालघर, बोईसर व तारापूर या टापूंतील आमच्या विद्यार्थ्यांपुढें आजवर कांहीं ठरलेल्या वाटा होत्या. कोणी वडिलांच्या पानमळ्यांत किंवा होडीवर जाई, कोणी कारखान्यांत लागे, कोणी पहांटेची गाडी पकडून मुंबईची कचेरी गाठी. अलीकडे आणखी एक वाट दिसूं लागली आहे. ती म्हणजे दुकानें, गाळे, कचेऱ्या, गोदामें व कारखान्यांच्या जागा यांच्या खरेदी-विक्रीचा आणि भाड्याचा धंदा. या धंद्यांत उमेदवारी करूं इच्छिणारे मुलगे व मुली आमच्याकडे सल्ला विचारावयास येतात. प्रत्येकास निरनिराळें सांगण्याऐवजीं येथें सर्वांसाठीं चार धडे लिहून ठेवावे, असा आमचा हेतु आहे.

हा धंदा आमच्याच भागांत कां वाढला, हें प्रथम पाहूं. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1962 सालीं स्थापन झालें आणि पुढें त्याची तारापूर वसाहत बोईसरलगत उभी राहिली. तारापूरचें अणुविद्युत् केंद्र 1969 सालीं चालू झालें. 2013 सालीं उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत धांवूं लागल्या, आणि 1 ऑगस्ट 2014 रोजीं ठाणें जिल्ह्यांतून पालघर हा स्वतंत्र जिल्हा निघाला. 2024 सालीं वाढवण बंदराची कोनशिला बसली. मच्छीमार बांधवांचा त्यास विरोध होत आला आहे, हेंही विसरतां कामा नये. अशा प्रत्येक घटनेमागोमाग वकिलाला बसावयास खोली लागते, औषधविक्याला दुकान लागतें, व्यापाऱ्याला वखार लागते. ती जागा शोधून देणें, तिचें मोल ठरविणें, तिचे कागद पारखणें आणि पुढें ती नीट राखणें, एवढीं सर्व कामें या धंद्यांत येतात.

यांपैकीं पहिलें काम दलालाचें. महाराष्ट्रांत स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा अंमल 2017 सालीं सुरू झाला. त्याकडे नोंदलेल्या प्रकल्पांतील जागा विकून देणाऱ्या दलालास स्वतःची नोंदणी करावी लागते, आणि 2023 पासून त्यासाठीं प्रशिक्षण व परीक्षा ठेवली आहे. दुसरें काम मूल्यांकन करणाराचें. स्थापत्यशास्त्र शिकलेल्यांस तें मानवतें. तिसरें वकिलाचें. चौथें इमारतीच्या व्यवस्थापकाचें. उद्वाहनापासून पाण्याच्या टाकीपर्यंत सर्व कांहीं चालू ठेवणें, भाड्याचा हिशेब राखणें, भाडेकरूंचीं गाऱ्हाणीं ऐकणें हें त्याचें कर्तव्य. उमेदवारानें पहिल्या वर्षीं चारही कामें जवळून पाहावीं आणि मग आपला कल ठरवावा. केवळ मोठ्या दलालीच्या गोष्टी ऐकून जो येतो, त्याची बहुधा निराशा होते. कारण दलाली व्यवहार पुरा झाल्यावर मिळते, आणि पुष्कळ व्यवहार पुरे होतच नाहींत.

पहिला धडा पायांचा आहे. नवा उमेदवार जाहिरात वाचतो, छायाचित्र पाहतो आणि जागा कळली असें समजतो. जागा कळते ती चालून. पालघरच्या स्थानकाबाहेर कचेरीच्या वेळीं जी वर्दळ असते, ती भर दुपारीं नसते. बोईसरला कारखान्यांची पाळी सुटतांना रस्ता भरून जातो. केळव्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनाजवळ रविवारीं माणसांची रीघ लागते, आणि ऐन आषाढांत तेथेंच शुकशुकाट असतो. येथें खानावळ काढणाऱ्यास भाडें बारा महिने द्यावें लागेल, गिऱ्हाईक मात्र बारा महिने सारखें मिळणार नाहीं. हें ज्या उमेदवारानें आधीं पाहिलें, तोच त्यास खरा सल्ला देऊं शकेल. म्हणून प्रत्येक जागा निदान तीन वेळां पाहावी: एकदां सकाळीं, एकदां दिवेलागणीस आणि एकदां मुसळधार पावसांत. गोदाम असेल तर मोठा ट्रेलर फाटकांतून वळेल काय, छताची उंची किती, जमीन किती भार सोशील, आग विझविण्याची सोय काय, हें विचारावें. कारखान्याची जागा असेल तर वीज किती मिळेल, सांडपाणी कोठें जातें आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमति कोणत्या उत्पादनास आहे, हें पाहावें. पाहिलेलें सर्व त्याच दिवशीं वहींत लिहावें. रोज एक पान लिहिलें तर वर्षाअखेर त्या उमेदवारापाशीं असें ज्ञान जमतें, कीं जें कोणत्याही पुस्तकांत सांपडावयाचें नाहीं.

दुसरा धडा कागदांचा. सातबाराचा उतारा आपल्या घरांतून सर्वांनीं पाहिलेला असतो, पण वाचलेला क्वचित् असतो. गांव नमुना सात हा हक्कांचा आणि नमुना बारा हा पिकांचा, म्हणून तो सातबारा. अननुभवी मनुष्य त्यांतील मालकाचें नांव वाचतो आणि थांबतो. जाणत्याची नजर आधीं 'इतर हक्क' या रकान्यावर जाते. कारण कुळाचा हक्क, बोजा व हस्तांतरावरील निर्बंध यांची नोंद तेथें मिळते. त्यानंतर जुने फेरफार काढून, ही जमीन कोणाकडून कोणाकडे व कशी आली, याची सांखळी जुळवावी. एक कडी निसटली तर तेथेंच थांबावें.

आमच्या जिल्ह्यांत कांहीं गोष्टी विशेष ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. शेतजमीन ही शेतकरी नसलेल्या मनुष्यास परवानगीवांचून घेतां येत नाहीं. हा निर्बंध 1948 च्या कूळकायद्याचा आहे. समुद्रकाठच्या जागांवर किनारा नियमनाचे निर्बंध 1991 पासून आहेत, आणि केळव्यासारख्या गांवीं त्यांचा विचार केल्याशिवाय एक वीटही रचूं नये. तारापूरच्या औद्योगिक वसाहतींतील भूखंड महामंडळ 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यानें देतें. तेव्हां बाजारांत ज्यास विक्री म्हणतात, तें खरें पाहतां उरलेल्या मुदतीचें हस्तांतर असतें, आणि त्यास महामंडळाची परवानगी लागते. गाळा भाड्यानें द्यावयाचा असेल तर 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणें करार लेखी व नोंदलेला असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. सर्वांत महत्त्वाचें असें, कीं आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यास जमीन महसूल संहितेच्या कलम 36 व 36-अ अन्वयें सरकारी मंजुरी आवश्यक आहे. हें बंधन कां घातलें गेलें, याचा विचार आम्ही पुढें करणार आहों.

तिसरा धडा गणिताचा. तें शाळेंतल्या सातवीच्या गणितापलीकडचें नाहीं, पण चुकलें तर महाग पडतें. एक गुंठा म्हणजे 33 फूट लांब व 33 फूट रुंद, अर्थात् 1,089 चौरस फूट. असे 40 गुंठे म्हणजे एक एकर, 43,560 चौरस फूट. उताऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर व आर यांत असतें, आणि एक आर म्हणजे 100 चौरस मीटर. बोलतांना पुष्कळ लोक आर व गुंठा एकच धरतात. 40 आर म्हणजे 4,000 चौरस मीटर, सुमारें 43,056 चौरस फूट. दोहोंत सुमारें 504 चौरस फुटांचें अंतर पडलें. म्हणजे जिभेच्या एका चुकीनें एक अख्खें दुकान नाहींसें झालें!

आतां भाड्याचें उदाहरण घेऊं. समजा, एका गाळ्याचें क्षेत्र 900 चौरस फूट सांगितलें आणि भाडें दरमहा 27,000 रुपये. दर 30 रुपये पडला असें वाटतें. परंतु भिंती, जिना व सामाईक वाट सोडून आंतील चटईक्षेत्र जर 600 चौरस फूटच भरलें, तर खरा दर 45 रुपये होतो. आणखी समजा, त्याच गाळ्याची किंमत 54 लाख रुपये आहे. वर्षाचें भाडें 3,24,000 रुपये, म्हणजे शेंकडा 6. पण घरपट्टी, दुरुस्ती, विमा आणि भाडेकरू बदलतांना गाळा रिकामा राहण्याचा काळ यांपायीं 54,000 रुपये गेले, तर हातीं 2,70,000 रुपये उरतात. म्हणजे शेंकडा 5. जो उमेदवार गिऱ्हाइकास पहिला आंकडा सांगून दुसरा लपवितो, तो एक व्यवहार मिळवितो आणि पुढचे दहा गमावतो.

चौथा धडा शब्दाचा, आणि आमच्या मतें तोच मुख्य होय. ज्या प्रश्नाचें उत्तर ठाऊक नाहीं, त्यास "मला माहीत नाहीं, विचारून उद्यां सांगतों" असें म्हणावें, आणि दुसऱ्या दिवशीं खरोखरच सांगावें. ज्यानें भेटीची वेळ दिली असेल त्याच्या दारीं पांच मिनिटें आधीं उभें राहावें. बोलणें झालें कीं काय ठरलें तें चार ओळींत लिहून दोन्ही पक्षांस पाठवावें. दोन्हीकडून दलाली घ्यावयाची असेल तर दोघांसही तें आधीं ठाऊक असावें. बयाण्याची रक्कम रोख स्वतःच्या हातीं घेऊं नये. आणि जी सही आपल्या डोळ्यांदेखत झाली नाहीं, तिच्याखालीं साक्षीदार म्हणून आपलें नांव कदापि लिहूं नये. धनी रागावला तरी लिहूं नये.

येथें शास्त्रपाठाच्या तासांत ऐकलेली नाबोथाची कथा विद्यार्थ्यांनीं आठवावी. राजवाड्यालगत नाबोथाचा द्राक्षमळा होता. अहाब राजानें त्याबद्दल चांगला मोबदला देऊं केला. पण वाडवडिलांचें वतन देणार नाहीं, असें नाबोथानें सांगितलें. राजा रुसून निजला. तेव्हां ईजबेल राणीनें राजाच्या नांवानें पत्रें लिहिलीं, त्यांवर राजाची मोहोर उठविली, दोन खोटे साक्षीदार उभे केले. नाबोथ प्राणास मुकला आणि मळा राजाच्या हातीं गेला. या कथेंत राजा व राणी यांच्याकडे सर्वांचें लक्ष जातें. आम्ही मात्र विद्यार्थ्यांस निराळा प्रश्न विचारतों: तीं पत्रें नगरांत कोणी नेलीं? तीं वाचून मुकाट्यानें मान कोणी हलविली? तीं सारीं लहान माणसें होतीं. "मला जें सांगितलें तें मीं केलें," असेंच त्यांतील प्रत्येकजण म्हणाला असता. त्यांच्यांतील एकानें जरी नकार दिला असता, तरी निदान एक तरी मनुष्य त्या पापाबाहेर राहिला असता.

उमेदवार हा तसाच लहान मनुष्य असतो. कागद नेणें, अंगठा घेणें, साक्ष लावणें हीं कामें त्याच्याच वांट्याला येतात. आमच्या या भागांत अंगठ्याच्या एका ठशानें जमिनी गेल्याचा इतिहास फार जुना नाहीं. सावकार व जमीनदार यांच्या पाशांत सांपडलेल्या वारली कुटुंबांनीं 1945 सालीं उंबरगांव-डहाणू भागांत वेठबिगारीविरुद्ध लढा दिला, तो याच दुःखांतून. अशा रीतीनें गेलेल्या जमिनी परत देण्यासाठीं 1974 सालीं स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि हस्तांतराचें वर सांगितलेलें कलम 36-अ हेंही त्याच सुमाराचें. तेव्हां सातबाराच्या त्या रकान्यांतील नोंद ही व्यवहारांतील अडचण आहे असें मानूं नये. कोणाच्या तरी चुलीभोवतीं घातलेलें तें कुंपण आहे. त्यांतून पळवाट काढून देणारा दलाल हुशार म्हणविला जाईल, पण आपल्या शाळेनें त्याला ती हुशारी शिकविली नाहीं.

उलट, प्रामाणिक उमेदवाराच्या हातून केवढें भलें होतें! विधवेचा गाळा योग्य भाड्यानें जातो, होतकरू सुताराला परवडणारी जागा मिळते, पानमळेवाल्यास आपल्या जमिनीचें खरें मोल कळतें. आणि विकावयाची नसेल तर न विकण्याचा हक्कही कळतो. गांवोगांव विश्वासानें विचारला जाईल असा मनुष्य होणें, हेंच या धंद्यांतील खरें भांडवल.

शेवटीं पालकांस दोन शब्द. मुलास किंवा मुलीस कोठेंही उमेदवारीस पाठवितांना मुदत, कामाचे तास, मिळणारें विद्यावेतन व शिकविण्याचा विषय यांचें पत्र लेखी मागून घ्यावें. उमेदवारी देण्यासाठींच जो पैसे मागतो, त्याच्या दारून परतावें. केवळ दलालीच्या आशेवर मुलास वर्षभर राबवूं देऊं नये. संध्याकाळीं मूल घरीं आलें म्हणजे "आज किती मिळालें?" असें विचारण्याआधीं "आज काय पाहिलेंस? कशावर सही केलीस?" असें विचारावें. पहिल्या प्रश्नानें त्याचें लक्ष पैशाकडे वळेल. दुसऱ्यानें तें स्वतःच्या हाताकडे वळेल. आणि ज्याचे हात स्वच्छ आहेत, त्याला केळवें रोड स्थानकावर उतरून आपल्या गांवांतून मान ताठ ठेवून जातां येईल, यापरती दुसरी कमाई आम्हांस ठाऊक नाहीं.