कूलर घ्यावा की एसी? आधी स्लॅब पाहा



उसाचे बिल खात्यावर पडले आणि चैत्राचे ऊन तापू लागले की गट ऑफिसात आमच्यापुढे एक ठरलेला प्रश्न येतो. "साहेब, लागणीचं राहू द्या, घरात कूलर घ्यावा का एसी?" हा विषय काही ऊस विकास खात्याचा नव्हे. पण बिलाचे पैसे चुकीच्या यंत्रात गेले की खोडव्याच्या खताला हात आखडतो, म्हणून चार गोष्टी लिहितो.

घर तापते कुठून, हे आधी पाहावे. मे महिन्यात भर दुपारी स्लॅबच्या दर चौरस मीटरवर जवळजवळ १ किलोवॅट ऊन पडते. १० बाय १२ फुटांची खोली म्हणजे ११ चौरस मीटर. दीड टनी एसी उष्णता बाहेर काढतो ती ५ किलोवॅटच्या आसपास. सगळे ऊन खोलीत उतरत नाही हे खरे, पण स्लॅब दिवसभर उष्णता पितो आणि रात्री आपल्या अंगावर सोडतो. पाट फुटका ठेवून मोटार मोठी बसवावी, तसलाच हा प्रकार. पाडव्याच्या सुमारास स्लॅबवर भिजवलेल्या चुन्याचे दोन हात द्यावेत. चुना धरून राहावा म्हणून त्यात थोडा फेव्हिकॉल घालावा. पावसात तो धुपतो, म्हणून दरसाल द्यावा लागतो. पश्चिमेच्या भिंतीला मांडव किंवा शेडनेटची सावली करावी. पत्र्याच्या घरावर काहीजण पाचट पसरतात, ते मात्र करू नये. एक ठिणगी पुरते. पाचटाची जागा खोडव्याच्या सरीत.

आता यंत्राकडे वळू. १ लिटर पाणी हवेत उडून जाताना सुमारे पाऊण युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जाते. कूलरने ताशी ५ लिटर पाणी उडवले तर ३ किलोवॅटच्या वर काम होते आणि पंखा-पंप मिळून वीज लागते २०० वॅटच्या आसपास. आपल्या सोलापूरकडच्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये याच्याइतके स्वस्त दुसरे काही नाही. अट एकच, समोरची खिडकी उघडी हवी. ओली हवा कोंडली की घाम वाळत नाही आणि लोक कूलरला नावे ठेवतात. मृग लागला, हवा दमट झाली, की त्याचा उपयोग संपला. चारी बाजूंनी भिजलेला ऊस असलेल्या वस्तीवरही तो थोडा कमी पडतो. आठ तासांना ४० लिटर पाणी जाते, तेव्हा टँकरच्या गावाने याचा हिशेब आधी करावा. बोअरच्या क्षाराने पॅड पांढरे पडतात. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून कोरडी करावी, नाहीतर डेंग्यूचे डास आपणच पाळले म्हणायचे.

घरात आजारी किंवा वृद्ध माणूस असेल, रात्रीची झोपच उडत असेल, तर एसी जरूर घ्यावा. पण खोली एकच, दारे-खिडक्यांच्या फटी बुजवलेली. रात्रीचे ६ ते ८ युनिट धरले तर महिन्याला २०० च्या घरात जातात, आणि १०० युनिटांच्या पुढे दर चढतो. २४ अंशांवर ठेवून वर पंखा लावला तर पुरे होते. संध्याकाळी वस्तीवर व्होल्टेज पडते, त्यासाठी स्टॅबिलायझर हवाच. शेतीपंपाच्या लाईनवर एसी ओढू नये. तो गुन्हा आहे.

आंघोळीच्या पाण्याचे थोडक्यात सांगतो. १०० लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला साडेचार युनिटांच्या वर वीज लागते. आपल्याकडे ऊन भरपूर, तेव्हा सोलर बंब परवडतो. पाणी फार जड असेल तर त्यात क्षार बसतात, म्हणून घेण्याआधी पाणी तपासून घ्यावे.

शेवटची गोष्ट पैशाची नाही, जिवाची आहे. ओल्या हाताने, ओल्या फरशीवर उभे राहून पत्र्याच्या कूलरमध्ये पाणी ओतताना दर उन्हाळ्यात माणसे दगावतात. बहुधा घरातली बाई किंवा पोर. तिसरी पिन मोडून दोन पिनांच्या बोर्डात खुपसलेले कूलर आम्ही वस्त्यांवर पाहिले आहेत. पाणी भरण्याआधी बटण बंद करून पिन बाहेर काढावी. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा, वीज गळू लागताच तो लाईन तोडतो. अर्थिंग माहितगार वायरमनकडून तपासून घ्यावे, आणि त्याच्या खड्ड्यात उन्हाळाभर आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी ओतावे.