चला, बापूंची कुटी पाहू

संग्रहालय म्हणजे जुन्या वस्तू जपून ठेवण्याची जागा. वस्तू पाहिल्या की त्या काळची माणसे कशी राहत होती ते कळते. असे एक ठिकाण आपल्या सावंगीपासून (मेघे) जवळच आहे. ते म्हणजे सेवाग्रामचा आश्रम. लोक त्याला आश्रम म्हणतात, पण काम संग्रहालयाचेच करतो. आधी वर्ध्याला जावे. तेथून सेवाग्राम सुमारे आठ किलोमीटर. आत जायला तिकीट पडत नाही.

हे आम्ही मुद्दाम सांगतो. कारण पुष्कळ लोक म्हणतात, "ते शिकल्यासवरल्यांचे ठिकाण. आपल्याला काय कळते तिथले?" पण तेथे जे आहे ते आपल्याच घरचे आहे.

या गावाचे जुने नाव शेगाव. बुलढाणा जिल्ह्यातही एक शेगाव आहे. त्यामुळे टपालाचा घोटाळा होई. म्हणून १९४० साली सेवाग्राम हे नाव ठेवले. महात्मा गांधी येथे १९३६ साली राहायला आले. १९४६ पर्यंत त्यांचे ठाणे येथेच होते. देशभरचे पुढारी या मातीच्या घरात सल्ला घ्यायला येत.

पादत्राणे बाहेर काढून बापूकुटीत जावे. माती, बांबू, लाकूड आणि वर कवेलू. बसायला चटई. सापडलेला साप न मारता लांब नेऊन सोडण्यासाठी चिमटा आणि पिंजरा आहे. आश्रमात टेलिफोनही आहे. व्हाईसरॉय लिनलिथगो यांना बापूंशी बोलता यावे म्हणून तो बसवला होता. एवढ्या मोठ्या सरकारला शेणाने सारवलेल्या घराशी तार जोडावी लागली!

आता भिंतीकडे नीट पाहा. घाई करू नका. मातीच्या भिंतीवर मातीचीच नक्षी उठवली आहे. झाडे आहेत, चरखा आहे, ॐ आहे. ही नक्षी मीराबेनने काढली. मीराबेन म्हणजे इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची मुलगी. १९२५ साली ती बापूंकडे आली. ही कुटी आधी तिचीच होती. रंग नाही, सोने नाही. हात आणि माती, बस्स. आपल्याकडच्या बायाही भिंत लिंपताना बोटांनी वेलबुट्टी काढतात. मीराबेनचे नाव लोकांना माहीत आहे. आपल्या बायांचे नाव कोण लिहून ठेवतो?

वस्तूंना हात लावू नये. २०११ साली येथून बापूंचा चष्मा चोरीला गेल्याचे उघड झाले. असा चष्मा बाजारात पुन्हा मिळेल, पण तो बापूंचा नसेल.

परत येताना वेळ असला तर वर्ध्यात मगनवाडीला उतरावे. तेथील मगन संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ रोजी बापूंच्याच हस्ते उघडले. मगनलाल गांधी यांच्या नावाने ते आहे. खादी आणि ग्रामोद्योग हाच तेथला विषय. तऱ्हेतऱ्हेचे चरखे पाहायला मिळतात. म्हाताऱ्या माणसांना सोबत न्या. पाटी तुम्ही वाचून दाखवा, आणि चरखा कसा चालतो ते त्यांना विचारा. आपल्या घरी माळ्यावर जुनी टकळी किंवा चरखा पडला असेल, तर तो चुलीत घालण्याआधी एकदा पुसून पाहा.