आधी टेप, मग हरकत

परवा रात्री फोनवर तू म्हणालीस, "काका, शेजारचा बंगला पाडून तिथे अकरा मजली इमारत होणार म्हणतात. सोसायटीने सगळं माझ्या गळ्यात टाकलंय. सुरुवात कुठून करू?" तेव्हा मी एवढेच सांगितले, की व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या निवेदनावर घाईने सही करू नकोस, बाकीचे सवडीने लिहितो. ते आज लिहितो आहे. 32 वर्षे मी बांधकाम परवानगीच्या टेबलामागे आरेखक म्हणून काढली. हजारो नकाशे हाताखालून गेले, आणि त्यांच्यावर आलेल्या हरकतीही वाचल्या. कोणती हरकत फाइलला नुसती टाचून ठेवतात आणि कोणत्या हरकतीपुढे साहेबांना सही थांबवावी लागते, हे जवळून पाहिले. त्यातले उपयोगाचे तेवढे तुला देतो.

आधी जागेची कुंडली काढ

इमारतीचे मजले मोजण्याआधी जमिनीचे कागद बघ. सिटी सर्व्हे नंबर मिळव आणि त्यावरून मिळकत पत्रिका काढ. जुनी शेतजमीन असेल तर सातबारा काढ. मग नगररचना विभागात अर्ज करून झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा घे. त्यावरून चार गोष्टी कळतात: झोन कोणता, आरक्षण आहे का, रस्तारुंदीची रेषा प्लॉटमधून जाते का आणि जवळून ओढा जातो का.

ओढ्याची रेषा कधी नजरेआड करू नकोस. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबील ओढा वस्त्यांमध्ये शिरला, भिंती पडल्या, माणसे गेली. वर्षातले बरेच महिने कोरडा असतो म्हणून लोक ओढ्याला गटार समजतात आणि त्याच्या काठाला मोकळी जागा. जागा नदीजवळ असेल तर पूररेषा तपास. 25 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी, 100 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल. टेकडीलगत असेल तर उतार विचार, कारण 1:5 पेक्षा जास्त चढाच्या डोंगरउतारावर बांधकामाला बंदी आहे.

दार कधी उघडते ते लक्षात ठेव

बऱ्याच लोकांना वाटते, इमारत मंजूर करण्याआधी महापालिका शेजाऱ्यांना बोलावून विचारते. तसे होत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 खाली मालक कलम 44 ने अर्ज करतो आणि कलम 45 ने त्याला परवानगी मिळते किंवा नाकारली जाते. नाकारली तर अपील मालकाने करायचे. एका खासगी प्लॉटच्या नकाशावर शेजाऱ्यांची सुनावणी घेण्याचा टप्पा या वाटेत नाही.

लोकांसाठी दारे आहेत, पण ती आधीच्या टप्प्यांवर आहेत. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा कलम 26 खाली हरकती-सूचना मागवतात. मंजूर आराखड्यात फेरबदल करायचा असतो, म्हणजे झोन किंवा आरक्षण बदलायचे असते, तेव्हा कलम 37 खाली मागवतात. पुण्याचे आराखडे मंजूर झाले 1966, 1987 आणि 2017 साली. म्हणजे पहिले दार पिढीतून एकदा उघडते. 2013 मध्ये पुण्याचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा 80 हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या होत्या. त्या वेळी अर्ज केलेल्या माणसाला सुनावणीत उभे राहून बोलता आले. आता त्याच आरक्षणाविषयी तावातावाने बोलणाऱ्याचे म्हणणे ऐकायला तिथे कोणी बसलेले नाही. म्हणून वर्तमानपत्रातली जाहीर सूचना वाचायची सवय लाव. ती बारीक अक्षरात असते आणि तिला मुदत असते.

तुझ्या कामाचे आणखी एक दार झाडांचे. 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली झाड तोडण्याआधी जाहीर नोटीस द्यावी लागते, आणि हरकतीला मोजके दिवस मिळतात. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षे आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. बंगल्याच्या आवारात आंबा, जांभूळ, वड जे काही असेल त्याचा फोटो आजच काढ, छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर मोज आणि तारखेसह वहीत लिही. नोटीस लागल्यावर धावपळ करावी लागणार नाही.

20,000 चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असेल तर 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरीही लागते. एका बंगल्याच्या प्लॉटवर ती पाळी येत नाही, पण तीन-चार प्लॉट एकत्र करत असतील तर विचारून घे.

नकाशा वाचायला शीक

प्लॉट 500 चौरस मीटरपेक्षा मोठा असेल आणि सदनिका आठपेक्षा जास्त असतील, तर विक्री सुरू करण्याआधी प्रकल्पाची महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी करावी लागते, आणि प्रारंभ प्रमाणपत्रासारखी कागदपत्रे महारेराच्या संकेतस्थळावर पाहता येतात. नोंदणी झाली नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज कर. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लाव, एका अर्जात एकच विषय ठेव आणि मजकूर 150 शब्दांत बसव. "सगळी माहिती द्या" असे लिहू नकोस. "अमुक सिटी सर्व्हे नंबरवरील प्रस्तावाचा नकाशा, क्षेत्रफळाचा तक्ता, मोजणी नकाशा आणि अग्निशमन विभागाचा दाखला यांच्या प्रती" असे नेमके माग. 30 दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील कर.

नकाशा हातात आला की जमिनीवर पसर आणि गुडघे टेकून बस. ठळक काळी रेघ ही प्लॉटची हद्द. पिवळ्या रेघांनी भरलेला भाग म्हणजे पाडायचे जुने बांधकाम. लालने भरलेले म्हणजे नवे काम. लाल तुटक रेघ ड्रेनेजची, बारीक काळी तुटक रेघ पाण्याची. आता रस्त्याकडे बघ. हिरवा दाखवलेला रस्ता आज आहे. हिरव्या तुटक रेघेतला रस्ता पुढे कधीतरी होणार आहे. मी कितीतरी चांगली शिकलेली माणसे या तुटक रेघेपाशी फसलेली पाहिली आहेत. ती रेघ बघून त्यांना वाटते, रस्ता रुंद आहे, काळजी नाही.

मग कोपऱ्यातला क्षेत्रफळाचा तक्ता वाच. मूळ एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात मिळणारे बांधकाम) किती, पैसे भरून घेतलेला प्रीमियम एफएसआय किती, टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क) किती आणि पार्किंग किती गाड्यांचे. अकरा मजले कशाच्या जोरावर उभे राहतात, ते या तक्त्यात असते.

टेप घेऊन गल्लीत जा

मुंबई सोडून राज्याच्या बहुतेक शहरांना डिसेंबर 2020 पासून एकच नियमावली लागू आहे. तिच्यात एफएसआय रस्त्याच्या रुंदीला बांधलेला आहे. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर वापरता येत नाही. पुण्यात 2020 साली सहा मीटरचे 323 रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आला आणि त्यावर एवढी चर्चा झाली, ती याच कारणाने. रस्ता तीन मीटरने रुंद झाला की त्यावरच्या प्रत्येक प्लॉटवर किती उंच बांधता येते ते बदलते.

माझ्या टेबलावरची एक फाइल सांगतो. एका गल्लीतून 200 सह्यांचे निवेदन आले. त्यात इमारतीने परिसराची शांतता भंगेल, सूर्यप्रकाश जाईल, लोक त्रस्त होतील, असे सगळे होते. ते फाइलला लागले आणि फाइल पुढे गेली. आठवड्याने त्याच गल्लीतल्या, मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आल्या. हातात एकच पान. वहीच्या चौकटीच्या कागदावर त्यांनी गल्ली काढली होती आणि पाच ठिकाणी कुंपणापासून कुंपणापर्यंतचे माप लिहिले होते. सर्वांत अरुंद जागी 7.20 मीटर. प्रस्तावात रस्ता 9 मीटर धरला होता आणि टीडीआर त्यावर घेतला होता. खाली एकच वाक्य: "कृपया स्थळपाहणी करून रस्त्याची रुंदी तपासावी आणि त्यानुसार टीडीआर अनुज्ञेय आहे का ते कळवावे." साहेबांनी कनिष्ठ अभियंत्याला टेप देऊन पाठवले. माप जुळले. प्रस्ताव परत गेला आणि पुन्हा आला तेव्हा त्यात तीन मजले कमी होते.

त्या 200 सह्यांमधली कळकळ खोटी नव्हती. पण अधिकाऱ्याला शेरा लिहायला नियम आणि आकडा लागतो. तो बाईंनी दिला.

हरकत कशी लिहायची

वरती विषय आणि सिटी सर्व्हे नंबर. मग एका परिच्छेदात एकच मुद्दा: काय दिसले, किती मोजले, कोणत्या नियमाशी जुळत नाही आणि तुझी मागणी काय. असे तीन-चार मुद्दे पुरे. पंधरा मुद्दे दिले तर वाचणारा सर्वांत कच्चा मुद्दा निवडतो आणि त्यालाच उत्तर देतो.

आमच्या खिडकीतून टेकडी दिसणार नाही, आमच्या फ्लॅटचे भाव उतरतील, बाहेरचे लोक येतील, हे लिहू नकोस. पहिल्या दोन मुद्द्यांना नियमावलीत आधार नाही, आणि तिसरा मनातूनही काढून टाक. त्याऐवजी विचार, की अग्निशमनची गाडी गल्लीच्या वळणावर वळते का, ड्रेनेजची जुनी लाइन केवढ्या व्यासाची आहे, पार्किंगला आत जाणारा उतार फुटपाथ तोडून जातो का, इमारतीभोवती मोकळी सोडायची सामासिक अंतरे नियमाप्रमाणे सुटली आहेत का.

शक्य असेल तिथे अट माग. "परवानगी देऊ नये" या मागणीपेक्षा "पावसाळी पाण्याची स्वतंत्र लाइन टाकल्याशिवाय भोगवटा पत्र देऊ नये" ही मागणी मान्य होण्याची शक्यता कितीतरी जास्त.

अर्ज दोन प्रतींत ने. आवक विभागात दे, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घे. पोच नाही तर अर्ज नाही, हे पक्के समज. कोणी म्हणाले, "ठेवून जा, मी बघतो," तरी ठेवून येऊ नकोस.

खोदाईच्या आधी भिंती बघ

29 जून 2019 च्या पहाटे कोंढव्यात सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि 15 जण गेले. त्यांत लहान मुले होती. तळघराची खोदाई सुरू होण्याआधी तुमच्या इमारतीच्या प्रत्येक भेगेचा तारखेसह फोटो काढ. मोठ्या भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंनी प्लास्टरने चिकटव. भिंत हलली तर पट्टी तडकते. तेव्हा त्याच दिवशी लेखी कळव. खोदाईला आधार कसा देणार आणि मजुरांना राहायला जागा कुठे देणार, हे बिल्डरला आणि त्याच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधीच लेखी विचार. त्या मजुरांची मुले काम चालेपर्यंत तुमची शेजारी असणार आहेत.

जोते झाले की जागी हो

जोत्याचे काम झाल्यावर महापालिकेकडून जोते तपासणी होते. सामासिक अंतर कमी सोडले असेल तर ते धरण्याची ही शेवटची स्वस्त वेळ. पुन्हा टेप घे, तुमच्या कुंपणापासून जोत्यापर्यंत मोज आणि नकाशाशी ताडून बघ. कलम 51 खाली दिलेली परवानगी रद्द करण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार महापालिकेला आहे, पण काम बरेच पुढे गेल्यावर तो वापरता येत नाही. सातव्या स्लॅबवर जाग आलेल्या माणसाला पुढे कोर्टाची पायरी चढावी लागते.

शेवटचे एक

बिल्डरशी आणि त्याच्या आर्किटेक्टशी बोलणे तोडू नकोस. चहाला बोलाव, पण ठरलेले त्याच संध्याकाळी ई-मेलने कळव. आणि ज्यांच्याविरुद्ध आपण लिहितो आहोत असे वाटते, ती त्या अकरा मजल्यांतली माणसे अजून आलेलीही नाहीत. त्यात पहिलाच फ्लॅट घेणारे जोडपे असेल, गावाहून आणलेले म्हातारे आईवडील असतील. तुमची सोसायटी झाली तेव्हा त्या बंगलेवाल्यांनाही आपली गल्ली भरली असे वाटलेच होते. जिना रुंद हवा, पाणी पुरायला हवे, आगीची गाडी आत यायला हवी, हे तू मागशील ते त्यांच्यासाठीही मागत असशील.

रविवारी सकाळी सहाला, गाड्या लागण्याआधी, सोसायटीतल्या दोघांना घेऊन गल्लीत जा. 30 मीटरचा टेप माझ्या कपाटात आहे, येऊन घेऊन जा. पाच ठिकाणी मोज, वहीत लिही आणि मग मला फोन कर. हरकतीचा मसुदा आपण दोघे मिळून लिहू.